तात्कालिक कारण

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
एप्रिल २००७

प्रिय शरयू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. एक दिवसाआड फोनवर तासभर डोकं खाणारी बाई एकदम टपालाचा स्टॅम्प लावून पत्र कशाला पाठवते, असं म्हणशील. सांगते, पण शेवटी. पुण्यात आपल्या सरांनी उत्तर लिहायची रीतच तशी शिकवली होती ना? 'पहिल्या महायुद्धाची कारणे सांगा', हा दहा मार्कांचा हुकमी प्रश्न. आधी मूळ कारणं, मग तात्कालिक कारण, शेवटी परिणाम. जो पोरगा तात्कालिक कारणावरच पानभर लिहायचा त्याला सर दोन मार्क टेकवायचे आणि समासात लिहायचे, 'गोष्ट चांगली सांगता.' मला तो शेरा दर परीक्षेला मिळाला. तुला कधीच नाही. तू मूळ कारणांवर पुरवण्यांमागून पुरवण्या लावायचीस. म्हणून आज तुलाच लिहितेय. गोष्ट मी सांगते, मूळ कारण तू शोध.

शाळेत सध्या माझं तेच युनिट चालू आहे. दरवर्षी हा धडा आला की माझं डोकं फिरतं. राजपुत्राचा ड्रायव्हर साराजेवोत चुकीच्या रस्त्याला वळला, गाडी थांबली, समोर पिस्तूल घेऊन एक पोरगा उभा. झालं. मग युरोपातले ते मिशांना पीळ देणारे, छातीवर बिल्ले लटकवणारे राजे, त्यातले निम्मे एकमेकांचे मामे नाहीतर मावसभाऊ, एकामागून एक उठले आणि लाखो पोरं चिखलात घातली. आणि विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच, आमचा नाइलाज होता! माझ्या वर्गातली पोरं विचारतात, सो इट वॉज द ड्रायव्हर्स फॉल्ट? मी म्हणते, नाही रे बाळांनो, बंदुका सगळ्यांनी आधीच भरून ठेवल्या होत्या, फक्त ड्रायव्हर मिळायचा बाकी होता. इथेही चार वर्षांपूर्वी कारणं घेऊन इराकात गेले, ती कारणं अजून वाळूत शोधताहेत. मागे माझ्या वर्गात शेवटच्या रांगेत बसणारा एक मुलगा आता तिकडे आहे. त्याच्या निबंधाला मी कमी मार्क दिले होते, युद्धाची कारणं नीट मांडली नाहीत म्हणून. त्या युद्धावर सही करणाऱ्यांना कोणी मार्क दिले, ते काही मला माहीत नाही.

असो. राजेरजवाड्यांचं जाऊ दे, आपल्या मराठी मंडळाकडे येऊ. तुला यातलं बरंचसं माहीत आहे, पण मला ते सगळं एकदा ओळीनं लिहून काढायचंय. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मंडळाची जनरल बॉडी आहे. विषय एकच आहे. रविवारच्या मराठी शाळेतून कांता मेश्रामला काढायचं की ठेवायचं. तुझ्या शाळेतून, शरयू. चर्चच्या तळघरात, गळक्या पाइपाखाली, तू आणि मी सतरंजी अंथरून सुरू केलेल्या शाळेतून. तू सनीव्हेलला गेलीस तेव्हा मोठ्या मुलांचा वर्ग घ्यायला कोणी मिळेना. सगळ्या मराठीप्रेमी बायकांना रविवारी सकाळी नेमकं कॉस्टकोत खरेदीला जायचं असायचं. तेव्हा ही कांता पुढे आली. नागपूरची, मराठीत एम. ए., नवरा धर्मराज इथे औषधांच्या लॅबमध्ये. तिच्या हातात वर्ग आला आणि ज्या पोरांकडून आपण वर्षभरात 'मला पाणी हवं' एवढं धड वदवून घेऊ शकलो नव्हतो, ती पोरं मराठीत भांडायला लागली. भांडण येणं म्हणजे भाषा येणं, हे तुझंच वाक्य.

आता तात्कालिक कारण. गेल्या वर्षी चौदा एप्रिलच्या आसपासच्या रविवारी कांतानं मुलांना महाडच्या तळ्याची गोष्ट सांगितली. काही भाषण नाही, घोषणा नाही. तळं होतं, पाणी होतं, गुरं प्यायची, काही माणसांना पिऊ देत नव्हते, त्यांचा चहाचा कपसुद्धा वेगळा ठेवायचे, मग एक दिवस ती माणसं बाबासाहेबांबरोबर गेली आणि प्यायली. एवढंच. मी शेजारच्या वर्गात होते, मधे पडद्याचं पार्टिशन, मला सगळं ऐकू येत होतं. मग मुलांच्या प्रश्नांची सरबत्ती. कोण पिऊ देत नव्हतं? त्यांना जेल का नाही झाली? कांता म्हणाली, ते तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. बाईचं चुकलं असेल तर एवढंच चुकलं. घरी मोठ्यांना विचारा, असं आपण शिक्षक बेधडक सांगतो आणि घरी मोठे असतात हे विसरतो.

तर आपले अध्यक्ष संग्राम, त्यांचा ईशान, वय वर्षं नऊ. त्या दिवशी त्यांच्या घरी जेवायला मंडळी होती, मीही होते. पद्मिनीकाकू, म्हणजे संग्रामच्या आई, सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या. पुरणपोळीवर तूप वाढलं जात होतं आणि या पठ्ठ्यानं टेबलावरून विचारलं, आजी, डिड यू हॅव अ सेपरेट कप फॉर देम? आणि काकूंनी काय करावं? त्यांनी सरळ सांगितलं. हो रे बाळा, होता. कान तुटलेला कप होता, गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवायचो. तुझा बाबा लहान असताना एकदा त्यातून प्यायला तर माझ्या सासूबाईंनी त्याला आंघोळ घातली होती. एवढं सांगून त्यांनी पोळीचा घास मोडला. मला तर त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. नंतर मी त्यांना विचारलंसुद्धा, तर म्हणाल्या, पोरानं विचारलं, मी सांगितलं, या वयात खोटं कशाला बोलू? पण संग्राम! न्यू जर्सीत साडेचार हजार स्क्वेअर फुटांचं घर बांधलेला, दारात दोन गाड्या असलेला, 'आपल्याकडे आता कुठे राहिलीय जातपात' असं दर पार्टीत सांगणारा संग्राम लालबुंद झाला. आईवर ओरडता येईना, लेकावर ओरडता येईना. मग राहिलं कोण?

दुसऱ्या दिवशी याहू ग्रुपवर खलिता निघाला. 'शाळेत राजकारण नको.' कपाचं नाव नाही, महाडचं नाव नाही, आईचं तर नाहीच नाही. अभ्यासक्रमाबाहेरचे विषय, लहान मुलांच्या मनावर परिणाम, पालकांच्या तक्रारी. कुठले पालक? तर संग्राम. अटी अशा घातल्या होत्या की मान्य केल्या तर कांताला स्वतःच्या तोंडाला कुलूप लावून किल्ली संग्रामच्या हातात द्यावी लागली असती. प्रत्येक धडा आधी कमिटीला दाखवायचा, वर्गात कमिटीचा माणूस बसणार, आणि वर लेखी दिलगिरी. कांतानं पहिली अट मान्य केली, बाकीच्या नाही. राजपुत्राच्या खुनानंतर ऑस्ट्रियाला सर्बियाचं उत्तर जसं पुरेसं वाटलं नव्हतं, तसंच इथेही वाटलं नाही. ते वाटायचंच नव्हतं मुळी.

मग भरतीला काय तोटा! मंडळाची नाटकं बसवणारा कृष्णा कांताच्या बाजूनं उभा राहिला. तुला वाटेल, वा! कसलं वा! त्याचं दिवाळीचं नाटक संग्रामनं कापलं होतं, चाळीस मिनिटांचं पंधरावर आणलं होतं, तेव्हापासून तो दबा धरून बसला होता. कांताच्या घरी जाऊन छातीवर हात ठेवून म्हणाला, ताई, आम्ही तुमच्यासोबत आहोत. कांता काय म्हणाली ऐक. म्हणाली, काय भाऊ, तुमचं नाटक पूर्ण झालं असतं तर आम्ही आठवलो असतो का तुम्हाला? आणि चहा दिला त्याला. चहा पिऊन तो तसाच निर्लज्जासारखा याहू ग्रुपवर 'सामाजिक न्याय' लिहायला बसला. त्याच्या मागे नागपूरचे दोघं, कारण ते नागपूरचे. संग्रामच्या मागे त्याच्याबरोबर कारपूल करणारे चौघे, कारण सकाळी गाडी त्याची. एडिसनचं मंडळ कृष्णाच्या बाजूनं उतरलं, कारण ब्रिजवॉटरचं मंडळ संग्रामच्या बाजूनं होतं. त्यांना विचार, कांता मेश्राम कोण? अर्ध्यांना सांगता यायचं नाही. एकाच वर्षात दोन गणपती बसले, दोन दिवाळ्या झाल्या, तिळगूळ घ्या गोड बोला म्हणत दोन संक्रांती झाल्या आणि एका संक्रांतीच्या बायका दुसऱ्या संक्रांतीच्या बायकांना इंडियन ग्रोसरीत बघून भेंडीच्या रॅकमागे लपायला लागल्या. डॉक्टरेट केलेली माणसं ही! यांच्या पोरांना शाळेत 'कॉन्फ्लिक्ट रेझोल्यूशन' शिकवतात आणि हे पार्किंग लॉटमध्ये एकमेकांना हात करत नाहीत. उथळ पाण्याला खळखळाट फार.

आणि या सगळ्या काळात मी काय होते? तटस्थ! अमेरिका होते अमेरिका. आपलं काय जातंय, म्हणत दोन्हीकडे माल पुरवत होते. माझ्या गॅरेजमधली मोठी पातेली एका शनिवारी संग्रामच्या गणपतीला, पुढच्या शनिवारी कृष्णाच्या. मखराचा पडदा तोच, फक्त उलटा लावायचा. उकडीचे मोदक दोन्हीकडे माझेच. दोन्हीकडचे लोक माझ्याकडे येऊन चहा ढोसायचे, दुसऱ्या बाजूबद्दल ओकायचे आणि जाताना म्हणायचे, शैलजाताई, तुम्ही आहात म्हणून हे मंडळ टिकलंय. मला आवडायचं गं ते. एकोणीसशे सोळात इथल्या अध्यक्षांनी 'यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं' अशा घोषणेवर निवडणूक जिंकली होती. मी उभी राहिले असते तर मीही जिंकले असते. फक्त एका घरून चहाचं बोलावणं यायचं कमी झालं होतं, कांताच्या. आणि ते माझ्या लक्षात यायला मला कितीतरी महिने लागले.

आता पुस्तकातला पुढचा भाग. तटस्थ राष्ट्र युद्धात का उतरलं? माझ्या वर्गातली पोरं लिहितात, लोकशाहीसाठी. मी लाल पेन काढते. बेल्जियम तुडवला गेला तेव्हा लोकशाही नव्हती का? बोटी बुडाल्या, माणसं बुडाली, निषेधाचे खलिते गेले, व्यापार चालूच. मग ती तार आली. जर्मनीच्या मंत्र्यानं मेक्सिकोला गुपचूप कळवलं, तुम्ही अमेरिकेवर चालून जा, आम्ही पाठीशी आहोत, तुमचं टेक्सास तुम्हाला परत मिळवून देऊ. आणि यातली गंमत आठवते? ही तार पाठवली कुठून? अमेरिकेनंच विश्वासानं वापरू दिलेल्या तारेवरून! सरांनी हे सांगितलं तेव्हा आपण दोघी बाकावर डोकं ठेवून हसलो होतो. ज्याच्या घरी जेवायचं त्याच्याच ताटात थुंकायचं, असं तू म्हणाली होतीस.

मंगळवारी संध्याकाळी कमिटीचा कॉन्फरन्स कॉल होता, संस्थापक म्हणून तूही होतीस. नंबर माझ्या नावावर, मीच घेतलेला, दोन्ही बाजूंना चालतो म्हणून. माझं नेहमीचं चालू होतं. फोन स्पीकरवर, स्टार सिक्स दाबून म्यूटवर, आणि हात कोपरापर्यंत कोथिंबीरवडीच्या पिठात. कांता पहिली दहा मिनिटं होती. शाळेचा अहवाल दिला, मग संग्राम म्हणाला, ताई, तुम्ही ड्रॉप झालात तरी चालेल. बीप. मग तास-दीड तास वांझोटी बडबड, पिझ्झा मागवायचा की पावभाजी, आणि मग सगळे बीप बीप करत गेले. मीही फोन बंद करणार होते, पण हात पिठानं बरबटलेले. मग संग्रामचा आवाज आला, शरयू, तू आहेस का? आणि तू म्हणालीस, आहे, बोल.

मी तुझा आवाज ऐकून हसले, खरंच सांगते. वाटलं आता तू त्याची हजेरी घेणार. शब्द न् शब्द लिहिते, बघ चुकतंय का. तू म्हणालीस, संग्राम, तू उगाच त्या विषयाला हात घालतोस, त्यानं आपण वाईट दिसतो. जातीबितीचं नाव तोंडातसुद्धा काढू नकोस. तिच्याकडे बी. एड. नाही, एवढंच बोल. क्वालिफिकेशनचा मुद्दा कोणी खोडू शकत नाही. शनिवारी मी इकडून कॉलवर येते, संस्थापक म्हणून तेच सांगते, आणि माझ्या इकडच्या मराठी शाळेचा अभ्यासक्रम, माझी शिक्षिका, सगळं महिन्याभरात लावून देते. त्यानं विचारलं, आणि शैलजा? त्यावर तू हसलीस. म्हणालीस, शैलजाची काळजी सोड, ती कधीच कुठल्या बाजूची नसते, तिला दोन्हीकडून जेवायला बोलावलं की झालं. मग बीप. आणखी एक बीप. मी ओट्यापाशी उभी, आणि कढईतलं तेल जळून धूर झाला तेव्हा घरातला अलार्म कोकलायला लागला.

बी. एड. नाही! शरयू, तुझ्याकडे बी. एड. आहे का गं? माझ्याकडे होतं का, आपण ती सतरंजी अंथरली तेव्हा? आपण दोघी इतिहासवाल्या, पोरांना बाराखडी शिकवताना 'ऋ'ला अडखळायचो. आणि ही बाई मराठीत एम. ए. आहे. संग्राम तर येडा आहे, त्याला कारण सापडत नव्हतं म्हणून वर्षभर कुंथत होता. तू त्याला कारण शिवून दिलंस, मापात, इस्त्री करून. तो बोलला असता तर लोकांनी त्याचं तोंड बघून तरी ओळखलं असतं. तू बोललीस की सगळे माना डोलावतील. एवढा राग मला त्या मिशीवाल्या राजांचाही कधी आला नाही.

आणि लपवून काय करू, त्या रात्री मला झोप आली नाही ती कांतासाठी नाही. 'दोन्हीकडून जेवायला बोलावलं की झालं' यासाठी. बारा महिने त्या बाईला टोचून टोचून जेरीला आणत होते, तेव्हा माझी पातेली फिरत होती. माझ्या टेक्सासला हात लागला आणि मी ताडकन उठले. म्हणजे मीही त्यातलीच. आता यापुढे वर्गातल्या पोरांनी 'लोकशाहीसाठी' लिहिलं तर लाल पेन कुठल्या तोंडानं काढू? पण बुधवारी शाळेत फळ्यावर सहा एप्रिल एकोणीसशे सतरा ही अमेरिका युद्धात उतरल्याची तारीख लिहिताना वाटलं, उतरले ते कशासाठी का असेना, उतरले.

त्याच संध्याकाळी मी कांताकडे गेले. जे ऐकलं ते सगळं सांगितलं, माझ्याबद्दलचंसुद्धा. ती शेंगदाण्याची चटणी कुटत होती, तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, शैलजाताई, मला वाटलंच होतं असं काहीतरी, फक्त त्या बाईंकडून नव्हतं वाटलं. त्यांनी लावलेलं बोर्डावरचं चित्र मी अजून उतरवलं नाही. मग विचारलं, पोरांना काय सांगू? ईशान वही घेऊन येतो, आजीनं फोनवर सांगितलेल्या गोष्टी लिहून आणतो, त्याला काय सांगू? तिनं मला जेवायला थांबवलं. मी नको म्हणाले, तर हसून म्हणाली, थांबा हो, एकीकडूनच बोलावतेय.

आता मूळ कारण. ते मला सापडत नाही, म्हणून तुला विचारते. तुला काय मिळणार होतं गं? पोरं आता 'कांतामावशीची शाळा' म्हणतात म्हणून? तीन हजार मैलांवर बसून इथल्या तळघराचं नाव आपलंच राहावं म्हणून? का काहीच कारण नाही, नुसती सवय? मला सारखी हॉस्टेलची मेस आठवतेय. रेणू आठवते? उस्मानाबादची, लांब वेणी घालायची. मेसच्या मावशी तिचं ताट-भांडं वेगळं विसळायच्या, खिडकीत पालथं घालायच्या, आणि आम्ही सगळ्या ते बघून न बघितल्यासारखं करायचो. एके दिवशी तू उठलीस, खिडकीतलं ते भांडं घेतलंस, पिंपात बुचकळून पाणी भरलंस आणि मेसच्या मधोमध उभी राहून घटाघटा प्यायलीस. वर मावशींना म्हणालीस, आता माझंही वेगळं ठेवा. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची भांडी एका टोपलीत पडायला लागली. मी तेव्हा ताटातली आमटी ढवळत बसले होते, आणि मनात म्हणत होते, ही माझी मैत्रीण आहे, ही माझी. गेली पंचवीस वर्षं तेच म्हणत आलेय. त्या शरयूला मी कुठे शोधू? की तीसुद्धा पंचवीस वर्षांपूर्वीची एक चांगली सांगितलेली गोष्टच?

तर हे पत्र का, ते आता लिहिते. पूर्वी युद्ध पुकारताना रीत होती. समोरच्याच्या राजदूताला बोलावून घ्यायचे, खलिता त्याच्या हातात ठेवायचे, मगच पहिली तोफ. पाठीमागून नाही. हा तो खलिता आहे. फोन केला असता तर तू मला पाच मिनिटांत गुंडाळलं असतंस, म्हणून लिहिलं. शनिवारच्या जनरल बॉडीत मी उभी राहणार आहे आणि मंगळवारी जे ऐकलं ते सगळं सांगणार आहे, संग्रामच्या नावानं आणि तुझ्या नावानं. पातेली कोणालाच मिळणार नाहीत. मतात हरलो तर कांताचा वर्ग रविवारी माझ्या बेसमेंटमध्ये भरेल, सतरंजी तीच आहे. माझ्याकडे पुरावा काही नाही, लोक मला खोटारडी म्हणतील, त्या तारेलाही अर्धी अमेरिका बनावट म्हणत होती. मग त्या मंत्र्यानं स्वतःच सांगितलं, हो, मीच पाठवली, आणि वाद मिटला. सर म्हणायचे, सगळ्या लढाईत हाच एक माणूस खरं बोलला. नंबर तोच आहे, शरयू. तू कॉलवर आलीस की बीप वाजेल आणि सगळ्या हॉलला ऐकू येईल. मी माझं बोलून झालं की थांबेन, तू काय म्हणतेस ते ऐकायला. या वेळी मी म्यूटवर नसेन, तूही राहू नकोस.

अजून तरी तुझीच,
शैलजा